माझे पुसलेले हुंकार

“आरं ए बबन्या, हाय का गेलास?”

भिवा आबा इतक्या जोरात ओरडले, की तो आवाज हेडफोनमधून माझ्या एका कानात शिरला आणि दुसऱ्या कानातून बाहेर न पडता आतच फिरत राहिला. अजूनही अधूनमधून फिरतो. मशीनच्या मीटरची सुई लाल पट्ट्यावर जाऊन आपटली. दारातल्या लिंबावरचे कावळे उडाले. भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्याच्या हद्दीत, कुणाची तरी म्हैस दावं तोडून पळाली असं मला नंतर सांगण्यात आलं आणि मी ते लगेच खरं मानलं.

मी आबांच्या समोर हातभर अंतरावर मांडी घालून बसलो होतो. गेलो नव्हतो. नुसता गप्प होतो, कारण गप्प बसण्याचा मला हुकूम होता.

“आबा, ऐकतोय की मी.”

“मग त्वांड शिवलंय का तुझं? मघाधरनं सांगतोय, सांगतोय, आन् ह्यो गडी नुसता बघतोय. त्यापरीस भिताडाला सांगितलं असतं.”

“बोला तुम्ही आबा. मशीन चालू हाय.”

“मशीन हं म्हणतंय का?”

मशीन हं म्हणत नव्हतं. आबांनी मुंडासं सारखं केलं, चंची सोडली आणि पान लावायला घेतलं. कॅसेट फिरत राहिली. त्या कॅसेटवर अडकित्त्याचा आवाज आजही सात मिनिटं ऐकू येतो. सुपारी कातरण्याचं इतकं लांबलचक ध्वनिमुद्रण जगात दुसरं कुठं असेल असं मला वाटत नाही. असलं तर कळवावं, मी येऊन ऐकीन.

माझं मूळ दुकान शिरूरच्या बाजारपेठेतलं, स्पीकरचं. लग्न, बारसं, कुस्त्यांचा फड, प्रचारसभा, जिथं आवाज कमी पडेल तिथं बबन स्पीकरवाला. माझ्या कर्ण्यावरून एकदा वराच्या मामाला शिरूरमध्ये बोलावलं, तर रांजणगावहून तिघांचे मामा हजर झाले. तर असा मी आवाज वाढवणारा माणूस. नव्वदच्या दशकात आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला आवाज साठवायच्या कामाला लावलं. त्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत, कारण निम्मा तालुका त्यांच्या हातचा मार खाऊन शिकलेला. उरलेला निम्मा शिकलाच नाही, असं सरांचं मत.

सरांनी वाचनालयात एक लोखंडी कपाट रिकामं केलं आणि जाहीर केलं, की यात आता तालुक्याचे आवाज राहतील. वसंतातली व्याख्यानं, कवींच्या बैठका आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. पहिल्या दोन गोष्टी मंडपात व्हायच्या, तिसरीसाठी माणसाच्या दारात जावं लागायचं. मी एक चांगल्यापैकी टेप, एक माइक आणि सरांनी हाताने लिहिलेले अकरा नियम घेऊन फटफटीवरून हिंडायला लागलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय विशेष, लाल बटण दाबलं की झालं. तसं नाही. आधी कॅसेट साठ मिनिटांचीच घ्यायची. नव्वदवालीची फीत पातळ, ती ताणली जाते आणि पाच वर्षांनी ऐकावं तर धिप्पाड पैलवान रडक्या पोरासारखा बोलतो. माणसाच्या घरी गेलं की पंखा बंद, घड्याळ बाहेर, कोंबड्या डालग्याखाली, भिंतीला दोन गोधड्या. गोधडी टांगली की खोलीत आवाज घुमत नाही. मग अर्धा मिनिट कुणीच काही बोलायचं नाही, नुसती खोली भरून घ्यायची. आमच्या धंद्यात ‘भरणं’ म्हणजे रेकॉर्ड करणं. आबांच्या मालकिणीनं, गजराकाकूंनी, पहिल्याच दिवशी विचारलं, “काय चाललंय रं गपचीप?”

“काकू, शांतता भरून घेतोय.”

“घरी न्हाई व्हय तुमच्या?”

नव्हतीच, पण ते बोलून दाखवणं सरांच्या नियमांत बसत नव्हतं. कॅसेट भरली की तिच्या पाठीवरच्या दोन प्लॅस्टिकच्या जिभा मोडून टाकायच्या. मग तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. या जिभा मी इतक्या मोडल्या, की त्या वितळवल्या असत्या तर एक बादली झाली असती.

आणि अकरावा नियम असा: निवेदन चालू असताना मुद्रणकाराने तोंडातून कोणताही ध्वनी काढू नये.

हा नियम ज्यानं केला त्याला आमच्याकडचं बोलणं माहीत नव्हतं. म्हणजे सरांना होतं, पण सर आयुष्यभर वर्गात बोलले, आणि वर्गात गप्प बसलेल्याला शहाणा म्हणतात. आमच्या गावाकडे उलटं. तिथं सांगणारा एक वाक्य सांगतो आणि थांबतो. ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं. ऐकलं, कळलं, चल पुढं. तो हुंकार आला की दुसरं वाक्य. हुंकार आला नाही तर त्याचे दोनच अर्थ. एक, ऐकणारा झोपला. त्याला माफी आहे. दोन, ऐकणाऱ्याला ते पटलेलं नाही. चार माणसांत कुणी जागेपणी हुंकार अडवला, तर सांगणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हटल्यात जमा. यावरून आबांच्या वडगाव रासाईत एक सोयरीक मोडलेली मला ठाऊक आहे. भावी सासरा सांगत होता आणि नवरदेव हं म्हणाला नाही, एवढंच.

तर आबांचं पान चावून झालं, तेव्हा मी अकराव्या नियमाला हात जोडले आणि म्हणालो, “सांगा आबा. म्हणतो हं.”

“आता कसं. तर काय सांगत व्हतो, मी बारा वर्साचा आसंन.”

“हं.”

“आमची मेंढरं तवा तीनशे.”

“हं.”

आणि गाडी जी सुटली ती अकरा कॅसेटींनंतरच थांबली. आबांचं सगळं घराणं मेंढपाळांचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे, पावसाच्या तोंडाला वर यायचे. पुढं भीमेला बारमाही पाणी झालं, ऊस आला, आबांनी काठी ठेवून नांगर धरला. कुठल्या गावच्या विहिरीचं पाणी मेंढराला सोसतं, कुठला पाटील खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतो आणि धान्य द्यायच्या वेळी आजारी पडतो, सगळं त्यांना पाठ. पण हुंकाराशिवाय एक अक्षर नाही. मला वाटेत शिंक आली तरी थांबायचे.

पहिली कॅसेट ऐकून सर म्हणाले, “बबनराव, यात भिवाजींपेक्षा तुम्हीच जास्त आहात.”

“सर, मी नसलो तर ते नसतात.”

“हा कुठला न्याय?”

“वडगावचा.”

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. वर्गात याच्यानंतर छडी यायची. पण त्यांचाही इलाज नव्हता, म्हातारे दुसऱ्या कुणापुढं बोलेनात. माझी कीर्तीच तशी पसरली. माझ्याकडे चार प्रकारचे हुंकार होते. आखूड, लांब, नवलाचा आणि दुखवट्याचा. एक म्हातारी तर म्हणाली, “त्यो हं म्हणणारा येणार आसंल तर सांगती, न्हाई तर राहू द्या.” इतर लोकांची कीर्ती त्यांनी केलेल्या भाषणांवर असते. माझी दुसऱ्याला हं म्हणण्यावर होती.

ऐकणाऱ्याच्या आवाजाची किंमत मला दौंडच्या एका कवीनंही शिकवली. दौंडला रेल्वेच्या वसाहतीत एक हॉल होता, तिथं वर्षातून एकदा कवींची बैठक भरायची. जंक्शनच ते, दर दहा मिनिटांना एक शिट्टी. प्रेमकवितेत ‘प्रिये’ म्हटलं की लगेच इंजिन ओरडायचं, आणि प्रिया कोण असा प्रश्न लोकांना पडायचा. तिथं एक निवृत्त गार्डसाहेब कविता वाचायचे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, अगदी ठरल्या मिनिटाला सुरुवात आणि ठरल्या मिनिटाला शेवट. कविता कशी होती ते मी सांगणार नाही, मी आवाजातला माणूस आहे. एकदा त्यांची कविता रंगात असताना पुण्याकडच्या गाडीची घोषणा झाली आणि निम्मा हॉल उठून स्टेशनकडे पळाला.

पंधरा दिवसांनी गार्डसाहेब माझ्या दुकानात आले. “कॅसेट ऐकली. माझ्या कवितेनंतर टाळ्या नाहीत त्यात.”

“नव्हत्याच साहेब. खुर्च्या सरकल्याचा आवाज आहे बघा, स्पष्ट आलाय.”

“म्हणजे लोक उठून उभे राहिले.”

“राहिले.”

“माझ्या मानासाठी.”

“तसंही म्हणता येईल.”

“मग त्याला शोभतील एवढ्या टाळ्या हव्यात. माझ्या आधीच्या कवीला फार झाल्या होत्या. त्यातल्या थोड्या इकडं घ्या.”

ऐकणाऱ्यानं एकाला दिलेलं दुसऱ्याच्या पदरात टाकणं हे आमच्या धंद्यातलं पाप. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी चहा मागवला. मी पुन्हा स्पष्ट सांगितलं. त्यांनी भजी मागवली. शेवटी दोन टेप जोडून मी त्यांच्या घरच्या कॅसेटमध्ये पाच सेकंद टाळ्या घातल्या, कपाटातल्या मूळ कॅसेटला हात लावला नाही. गार्डसाहेब गेले तेव्हा छाती दोन इंच पुढं होती. पण ऐकणाऱ्याचा आवाज इकडचा तिकडं करता येतो हे माझ्या हाताला कळलं ते त्या दिवशी. हाताला एकदा कळलं की पंचाईत असते.

आता आबांची आठवी कॅसेट.

त्या दिवशी मी गोधड्या टांगल्या, खोली भरून घेतली, आणि आबा म्हणाले, “थांब.” देव्हाऱ्यातून त्यांनी भंडाऱ्याची वाटी आणली. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती चिमूटभर मुठीत धरून आमच्याकडे शपथ घेतात आणि ती कुणी खेळासारखी घेत नाही. आबांनी मूठ मिटली आणि सांगायला लागले.

त्यांचा चुलतभाऊ मारुती, म्हणजे गावचे मारुती आप्पा. दोघांचं तरुणपण एकाच तळावर गेलं, मेंढरं एकत्र, भाकरी एका चुलीवरची. एका पावसाळ्यात मारुती बहिणीला गाडीत बसवून द्यायला दौंडला गेला आणि आपली मेंढरं आबांवर सोपवून गेला. सकाळी मेंढरं नदीतल्या बेटावर चरत होती. वरून पाणी आलं. दुपारी मारुती परतला तेव्हा आबांचं एकही मेंढरू गेलं नव्हतं. मारुतीची मात्र गेली होती. आबांचं एकही गेलं नाही, हेच त्यांच्या अंगाशी आलं.

“आधी सोताची काढली आन् माझी बुडू दिली,” असं मारुती आप्पा म्हणाले आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. समोरासमोर दारं, मध्ये बैलगाडीएवढा बोळ, आणि तीस वर्षं शब्द नाही. आप्पांना हा किस्सा कुणीही, कधीही विचारावा, ते सांगायचे. सांगताना बुडालेली मेंढरं वाढत जायची. सुरुवातीला पंचवीस होती म्हणतात. मी ऐकलं तेव्हा चाळीसवर गेली होती. वाढवून सांगणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, पण मेलेली मेंढरं व्यायलेली मी तिथंच पाहिली.

आबांनी तीस वर्षं उलट एवढंच सांगितलं होतं, की मी त्याचीच आधी काढली. कशी काढली ते सांगितलं नव्हतं. ते त्यांनी आठव्या कॅसेटला सांगितलं.

“मेंढरू पाण्यात धन्याच्या हाकेबिगर उतरत न्हाई.”

“हं.”

“माझी माझ्या हाकंला येणार व्हती. कवाबी आली असती. म्हून म्हणलं, आधी मारुतीची काढू.”

“हं.”

“घसा फाटस्तवर वरडलो. एक हालंना. मग मी मारुतीची हाक काढली. त्याच्या आवाजात.”

इथं आबा थांबले आणि मुठीकडे बघत राहिले. दुसऱ्याच्या मेंढरांना त्यांच्या धन्याच्या हाकेनं बोलावणं हे चोराचं काम. रात्री तळावरून मेंढरं पळवणारे तसं करतात. ज्याला दुसऱ्याची हाक हुबेहूब येते त्याला कुणी शेजारी तळ टाकू देत नाही. आबांना मारुतीची हाक येत होती, लहानपणापासून, गंमत म्हणून शिकलेली. ते बाहेर पडलं असतं तर बुडाल्याची गोष्ट राहिली बाजूला, चोर म्हणून नाव झालं असतं. म्हणून तीस वर्षं दातांखाली धरलेलं.

“कशी हाक आबा?” मी नियम सोडून विचारलं.

आबांनी डोळे मिटले आणि हाक मारली. ती मला कागदावर लिहिता येत नाही. सुरुवातीला जीभ टाळूला लावून एक लांब थरथर, मग दोन तुटक चढे सूर आणि शेवटी एकदम खाली. सत्तरीच्या माणसाच्या तोंडातून ऐन उमेदीतला कुणी दुसराच बोलावत होता. आणि मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब हुंकार दिला. ठरवून नव्हे, तो आपोआप निघाला.

“समदी आली,” आबा म्हणाले. “मागच्या अंगाची बावीस न्हाई आली.”

मूठ उघडून त्यांनी भंडारा कपाळाला लावला आणि मला म्हणाले, “ही पट्टी मारुतीनं ऐकली पायजे. चार माणसांत.”

“तुम्हीच सांगा ना त्यांना आबा. समोर तर राहतात.”

“एका गोष्टीला दोनदा भंडारा उचलायचा? म्हंजी पैल्यांदा खोटं बोललो का काय मी? आता मशीन सांगंल.”

सरांनी शब्द दिला, गावात कार्यक्रम करून ऐकवू. आणि वाचनालयाच्या समितीची कामं जशी होतात तशी वर्षं गेली. दर शनिवारी आबा शिरूरच्या बाजाराला आले की दुकानाशी थांबायचे. “कवा?” एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, “पुढच्या महिन्यात.” पुढचा महिना इतक्या वेळा आला, की आबांची काठी जाऊन दोन काठ्या झाल्या. ही गोष्ट मी हसत सांगतो आहे, पण त्या ‘कवा’ची मला लाज वाटते.

मग दोन हजारच्या पुढं वाचनालयात संगणक आला. कॅसेटी सीडीवर घ्यायचं ठरलं आणि सरांना अकरावा नियम आठवला.

“बबनराव, संगणकात नको ते ध्वनी काढता येतात म्हणे.”

“येतात सर. चुटकीसरशी.”

“मग ते हं तेवढे काढा. भिवाजींचं निवेदन शुद्ध स्वरूपात लोकांसमोर जाऊ दे.”

इथं मी नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही, कारण मला संगणक नवीन होता आणि येत होता. पडद्यावर आवाज डोंगरांसारखा दिसायचा. आबांचे मोठे डोंगर, मध्ये माझी छोटी टेकाडं. टेकाड निवडायचं, बटण दाबायचं, सपाट. कापून जोडलं असतं तर बोलणं अडखळलं असतं, म्हणून मी जागा तेवढीच ठेवली आणि आतला आवाज पुसला. कौशल्याचं काम, कुणाला करवत लागलेली कळणार नाही. तीन आठवडे मी सकाळपासून स्वतःलाच पुसत होतो आणि शेजारच्यांना बोलावून दाखवत होतो, बघा, मी होतो, आता नाही. त्या लांब हुंकाराशी मी क्षणभर थांबलो. मग तोही पुसला. एकच सोडला तर सरांनी विचारलं असतं.

मूळ कॅसेटी कपाटात जशाच्या तशा होत्या, आजही आहेत. पण कपाटाची किल्ली सरांच्या जानव्याला असायची.

वडगाव रासाईला देवळापुढं मंडप घातला. भरदुपार, पण गाव लोटलं. सर मंचावर. आबा पहिल्या रांगेत खुर्चीत, धुतलेलं मुंडासं, दोन्ही काठ्या गुडघ्यांत, शेजारी गजराकाकू. मारुती आप्पा मागं देवळाच्या खांबाला टेकून, हाताची घडी घातलेली. येणार नाही म्हणाले होते, पण समोरच्या दारातला माणूस आपल्याबद्दल कर्ण्यावर काय बोलतो हे न ऐकण्याइतका संयम अजून कुणाला जमलेला नाही. सकाळी चहाच्या टपरीवर ते बुडालेली मेंढरं साठ सांगत होते.

सरांनी प्रस्तावना केली. मी बटण दाबलं.

“त्या साली पाऊस लौकर लागला,” कर्ण्यातून आबा म्हणाले.

आणि शांतता.

ती मी खणलेली शांतता होती. गोधड्या लावून भरलेली, शुद्ध. सगळा मंडप हुंकाराची वाट बघत होता आणि हुंकार येत नव्हता.

“मारुती दौंडला गेलेला.”

शांतता. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. खांबाशी आप्पा शेजाऱ्याला म्हणाले, हळू नव्हे, “ऐकणाराबी गप हाय बघा. त्यालाबी पटंना.”

लोक हसले. आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते माझी वाट बघत होते. तीस वर्षं धरलेलं त्यांनी एका माणसापुढं सोडलं होतं, आणि तो माणूस गावापुढं त्यांना हं म्हणत नव्हता.

मला बाकी काही सुचलं नाही. सूत्रसंचालनाचा माइक उचलला, मशीनशेजारी उभा राहिलो, आणि पुढच्या वाक्याला म्हणालो, “हं.”

पहिला उशिरा पडला. आबांचं तिसरं वाक्य सुरू झालं होतं, तिथं मी मध्येच घुसलो, जसा जेवणावळीत उशिरा आलेला पाहुणा. लोक पुन्हा हसले. दुसरा लवकर पडला. तिसरा मात्र नेमका बसला. अहो, प्रत्येक खड्डा मीच खणलेला, मला नाही कळणार तर कुणाला. त्यानंतर मी असा बसलो त्या बोलण्यावर, की दहा वर्षांपूर्वीचे आबा थांबायचे आणि आत्ताचा मी हं म्हणायचो, आणि मधल्या वर्षांचा सांधा दिसत नव्हता. मघाचे हसणारे पुढं सरकून ऐकायला लागले. गजराकाकूंनी पदर तोंडाला लावला.

“बबनराव,” सर दातांतून म्हणाले, “हे काय चालवलंय?”

“दुरुस्ती सर. हं.”

“बंद करा.”

“आता थांबता येत नाही सर. हं.”

“मेंढरू पाण्यात धन्याच्या हाकेबिगर उतरत न्हाई,” आबा सांगत होते. मी हं म्हणालो. “घसा फाटस्तवर वरडलो. एक हालंना.” हं. “मग मी मारुतीची हाक काढली. त्याच्या आवाजात.”

मंडपात कुणीतरी जोरात श्वास घेतला. जुन्या माणसांना त्याचा अर्थ लगेच कळला. आणि कर्ण्यातून ती हाक आली. चार कर्णे होते माझे, चांगले पितळी आवाजाचे. लांब थरथर, दोन चढे सूर, मग एकदम खाली. ही कथा मी जिथं तिथं वाढवून सांगितली आहे हे मला मान्य आहे, पण एवढं मात्र आहे तसं घ्या: देवळामागं कुणाची तरी दोन मेंढरं बांधली होती, ती उठून उभी राहिली.

आता माझा लांब हुंकार होता. मी छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. म्हणजे मला फुटला, कर्ण्याला फुटेना. बघतो तर सरांनी माइकची वायर उपटून हातात धरली होती. शाळेत पोरांच्या हातातून गोट्या काढून घ्यायचे तशी.

शांतता पसरली. सगळ्यांत मोठा खड्डा तो, मी मापून पुसलेला. आबा पुढं बघत बसले होते, मान वळवली नाही.

“हं.”

खांबाकडून आला. कोरडा, आखूड, खाकरल्यासारखा. सगळ्यांच्या माना मागं फिरल्या. मारुती आप्पा कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी हाताची घडी सोडलेली होती.

“समदी आली,” कर्ण्यातून आबा म्हणाले.

“हं,” आप्पा म्हणाले.

“मागच्या अंगाची बावीस न्हाई आली.”

“हं.”

पुढची सगळी सीडी आप्पांनीच ओढली. एक हुंकार चुकवला नाही, एक आधी पडला नाही. मी दहा वर्षं चार प्रकारचे हुंकार मिरवत होतो, त्या माणसाकडे एकच होता आणि तो पुरला. सर वायर हातात घेऊन तसेच उभे होते, ती कुठं ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

कार्यक्रम संपला. दोघं चुलतभाऊ एकमेकांच्या जवळ गेले नाहीत, गळ्यात पडले नाहीत, असलं काही झालं नाही. आबा दोन काठ्यांवर उठले आणि गजराकाकूंच्या मागून घराकडे चालायला लागले. मी वायरी गुंडाळायला घेतल्या. आप्पा देवळाच्या पायरीशी बसून वहाणा घालत होते. मला राहवलं नाही. वायरीचं वेटोळं खांद्यावर टाकून त्यांच्याजवळ गेलो.

“आप्पा,” म्हटलं, “पटलं म्हणायचं का मग आबांचं?”

आप्पांनी वहाणेचा अंगठा नीट बसवला, धोतर झटकलं आणि उठले.

“बावीस न्हवं, एकोणीस व्हती,” ते म्हणाले.